तानाबाईच्या लेकींचे गुडघे

"अवं, त्या टायगरले आवरा आधी! दिव्यापाशी चाल्लं ते!"

रुखमाबाई पाटलीण रडता रडता ओरडली, तशा ओसरीतल्या दोघीतिघी बायका हुंदका अर्धवट टाकून टायगरच्या मागे लागल्या. टायगर म्हणजे बाजाराच्या पिशवीत मावेल एवढं पांढरंशुभ्र कुत्रं. त्याने तानाबाईच्या उशाशी लावलेल्या दिव्याला वळसा घातला आणि तिच्या पायांशी जाऊन बसलं. मग त्याला कोणी उठवलं नाही.

सकाळी बुलडाण्याहून गाडी आली आणि तानाबाई गेल्याचं मोताळ्याला कळलं. चक्कीवाल्या कडूबा वराडेची बायको. छातीत दुखतं म्हणून नेली होती आणि दवाखान्यात बसल्या बसल्या घरी आल्यावर काय काय करायचं ते सांगत होती. कडूबा भिंतीला टेकून बसला होता. लोक येत, खांद्यावर हात ठेवत, काहीतरी बोलत. त्यातलं काहीच त्याच्या कानात शिरत नव्हतं. त्याला एवढंच दिसत होतं, की माणसं एकटी येत नव्हती. कुत्री घेऊन येत होती.

रुखमाबाईने राणीला काखेत मारून आणलं होतं. पंक्चरवाल्या गोपालने टायगरला मोटरसायकलच्या टाकीवर बसवून आणलं होतं. अंगणवाडीची छाया चिंगीला पदराखाली झाकून दारातच उभी होती, आत यावं की नाही अशी. त्यांच्यामागून आणखी चारपाच जण आले. सगळ्यांच्या हातात पांढरी, झुपकेदार शेपटीची कुत्री.

"कुत्रे कायले आणले बे?" एक म्हातारा गोपालवर खेकसला.

"लेकी हायेत तिच्या," गोपाल म्हणाला. "आईचं तोंड दाखवा लागते ना, आबा."

म्हाताऱ्याने सरकून जागा करून दिली. ते खरंच होतं.

अर्पिताचं, म्हणजे कडूबा-तानाबाईच्या एकुलत्या एका लेकीचं, नांदुऱ्याला लग्न झालं त्या वर्षी बँकेच्या एका साहेबाची बदली झाली आणि जाताना तो बर्फी नावाची पामेरियन कुत्री चक्कीवर सोडून गेला. घर सुनं झालं होतं, बर्फीने ते भरून टाकलं. तिला पिल्लं झाली तेव्हा लोक विचारायला लागले, केवढ्याला देता? तानाबाईला ते शब्दच झोंबले. "लेकी काय इकायच्या असतात?" ती म्हणाली. ज्याला पिल्लू पाहिजे त्याने घरच्या बाईला घेऊन यावं. नारळ, खण आणि ओंजळभर गव्हाने तानाबाईची ओटी भरावी. मग ती पिल्लाच्या कपाळाला कुंकू लावी, कुत्रा असो की कुत्री, आणि डोळे पुसत सांगे, "नीट नांदवजा, बाप्पा." आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, साऱ्या लेकी चक्कीसमोरच्या अंगणात माहेराला येत. आणि लेकी वयात आल्या, की त्यांच्या सोयरिकी जुळवायचं कामही तिचंच.

तिरडी उचलली तेव्हा त्या साऱ्या लेकी मागे निघाल्या. फाटकापाशी जनावरांच्या दवाखान्यातली डॉक्टर धम्मशीला तायडे उभी होती. तानाबाई तिच्या दवाखान्यात महिन्यातून एकदा तरी येऊन भांडून जायची, त्यामुळे दोघींचं चांगलं जमायचं. डॉक्टरचे डोळे भरून आले होते, पण ते डोळे कुत्र्यांवरच खिळले. राणी चार पावलं नीट पळाली, मग मागचा एक पाय वर घेऊन लंगडी घालायला लागली, मग पायाला एक झटका दिला आणि पुन्हा नीट पळाली. तिच्या मागे टायगर. तोही तसाच, लंगडी, झटका, पळणं. त्यामागचंही एक तसंच. शेवटी तानाबाईची स्वतःची छकुली उंबरा उतरली आणि तीन पायांवर उभी राहून रडायला लागली. चौथा पाय तिला टेकवताच येईना.

डॉक्टरने काही सांगावं म्हणून आजूबाजूला पाहिलं. मग हेल्मेट डोक्यात घातलं. तो दिवस सांगायचा नव्हता.

*

तेरवी झाली, पाहुणे गेले, चक्की सुरू झाली. चक्कीत बसलं की बरं असतं, आवाजात कोणी काही विचारत नाही. छकुली पोत्यावर पडलेली असायची. पिठात ती दिसायचीही नाही, फक्त काळं नाक आणि दोन डोळे.

एके दुपारी डॉक्टर गव्हाचा डबा घेऊन आली. डबा वजनकाट्यावर ठेवला आणि छकुलीला मांडीवर घेऊन बसली. एका हाताने तिने मांडी धरली, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने गुडघा हळूच चाचपला.

"काका, इथं बोट लावा. आता मी पाय सरळ करते. लागलं?"

कडूबाने पिठाचा हात धोतराला पुसून बोट लावलं. बोटाखाली हरभऱ्याएवढं काहीतरी आत सरकलं.

"अरे! हे काय सरकलं?"

"गुडघ्याची वाटी. ती एका खाचेत बसलेली असते. हिची खाच उथळ आहे, म्हणून वाटी आत घसरते. तेवढा वेळ पाय टेकवता येत नाही. झटका दिला की परत बसते. आता कधी कधी बसतही नाही."

"तानाबाई तेल लावे रोज. आधी सोताच्या गुडघ्याले, मंग हिच्या. म्हने दोघी संगंच म्हाताऱ्या झालो."

"तेलानं नाही जायचं, काका. हे रक्तातून येतं. आईबापाकडून." डॉक्टरने छकुलीचा पाय सोडला. "त्या दिवशी मी पाहिलं. एक नाही, चारपाच कुत्री तशीच चालत होती. छकुलीची आई कोण?"

"राणी. रुखमाबाईची."

"बाप?"

"टायगर. गोपालचा."

"राणीची आई?"

"आमची बर्फी. देवाघरी गेली बिचारी."

"आणि टायगरची?"

"बर्फीच. एकाच येताचे, संगंच जलमलेले दोघं. लय सुंदर येत झालं व्हतं ते, डॉक्टर, कापसाचे गोळे कसे!"

डॉक्टर त्याच्याकडे पाहत राहिली. "म्हणजे बहीणभाऊ."

"कोन?"

"राणी आणि टायगर."

"असं कसं?" कडूबाला रागच आला. "राणी पाटलाची, टायगर गोपाल सोनुनेचा. घर येगळं, आडनाव येगळं. तानाबाईनं देवक पाह्यल्याबिगर एक सोयरीक नाही जुळवली. पाटलाचं देवक पंचपालवी, गोपालचं कळंब. एकडाव तं तिनं ठरलेलं लग्न मोडलं, दोन्ही घरचं देवक एक निघालं म्हनून! तिच्या कामात खोट नव्हती."

डॉक्टरने ओठ घट्ट मिटले. गव्हाच्या डब्याकडे पाहिलं, छपराकडे पाहिलं. मग तिला आवरेना. पदवी घेतलेली, सरकारी नोकरीतली बाई छकुलीच्या केसांत तोंड खुपसून हसायला लागली.

"माफ करा, काका. पण देवक पाटलाचं, हो. राणीचं कुठलं?"

कडूबा रागावूनच उभा होता. पाटलाचं देवक पाटलाचं. राणी पाटलाची. म्हणजे राणीचं... त्याच्या डोळ्यांसमोर राणी आली, कपाळाला कुंकू लावलेली, जीभ बाहेर काढून बसलेली. पंचपालवी देवकाची. तो हसायला लागला. तानाबाई गेल्यापासून पहिल्यांदा. वजनकाट्याला धरून हसला, खोकला आला तरी हसला. शेजारून रुखमाबाई धावत आली, "काय झालं हो? काय झालं?" तिला पाहून दोघं पुन्हा हसले.

"हे तिले सांगा लागत व्हतं," डोळे पुसत कडूबा म्हणाला. "सगळ्यात जास्त तीच हासली असती."

मग डॉक्टरने कामाची गोष्ट सांगितली. आता पुढे ज्यांचे गुडघे चांगले आहेत, त्यांचीच पिल्लं घ्यायची. तीही नात्याबाहेरचा जोडीदार पाहून. ज्यांची वाटी सरकते, त्यांना पिल्लं होऊ द्यायची नाहीत. एका पिढीत सगळं सुधारणार नाही, पण दर पिढीला लंगडी कमी होतील.

"छकुलीची तर मुळीच नाही, काका. दोन्ही गुडघे गेलेत तिचे."

कडूबाचं हसू तिथेच थांबलं. दवाखान्याच्या खाटेवर तानाबाईने अर्पिताचा हात धरून सांगितलं होतं, "छकुलीचं पहिलं पिल्लू तुहं. म्या सोता कुंकू लावून देतो तुले." तिने मागे ठेवलेला शब्द तेवढा एकच होता.

"एकडावले बी नाही?" त्याने विचारलं.

"होतील की पिल्लं. दिसायला सुंदरच होतील. वर्षभरानं लंगडायला लागतील."

कडूबाने पट्टा चढवला आणि डबा जात्यात ओतला. "संध्याकाळी पीठ घेऊन जाजा," तो ओरडून म्हणाला. चक्कीच्या आवाजात पुढचं बोलणं झालंच नाही.

*

चैत्रात छकुली माजावर आली आणि टायगर चक्कीच्या दारात येऊन बसला. मागोमाग गोपाल आला.

"काका, जमवून टाका राजेहो. याचं तोंड पाहा कसं झालं. कालपासून भाकर नाही खाल्ली यानं."

"बाप हाय बे तो तिचा."

"कोन?"

"टायगर. छकुलीचा बाप हाय."

गोपालने टायगरकडे असं पाहिलं, की जणू ही गोष्ट त्याने आपल्यापासून लपवून ठेवली होती. "मले नाही बोलला कधी," तो म्हणाला. मग डोकं खाजवून, "मंग बस स्टँडवरचा बंटी?"

"तिच्या आईचा भाऊ. मामा लागते."

"पोस्टाजवळचा मोत्या?"

"तो बी मामा. अन् टायगरकडून पाह्यलं तं दोघं बी काका."

गोपालने बराच वेळ हिशोब लावला. "मंग हे तं मोताळ्यातलं समदं एकाच घरचं झालं की हो!"

"तेच तं म्हनून राह्यलो मी."

"पन काकूनं तं देवक..."

"चूप बस. टायगरले घेऊन जाय."

गोपाल गेला. पण गोपालला घालवणं सोपं होतं. संध्याकाळी अर्पिताचा फोन आला, तो अवघड होता.

"बाबा, छकुली माजावर आली म्हने. रुखमाकाकूनं सांगितलं. मंग आता पिल्लू होईल ना?"

कडूबाने फोन या कानावरून त्या कानाला नेला.

"आईनं म्हटलं व्हतं, बाबा. तुमच्यासमोर म्हटलं व्हतं."

"पाहतो," तो म्हणाला.

फोन ठेवून तो ओसरीवर बसला. नात्याबाहेरचा एखादा कुत्रा शोधायला काही लागत नव्हतं. मलकापूरला व्यापाऱ्यांकडे होते, नांदुऱ्याला होते. डॉक्टर काही पोलीस लावणार नव्हती. एकच तर वेळ. तानाबाईचा शब्द राहिला असता, घरात पुन्हा कापसाचे गोळे लोळले असते, लेकीच्या घरी आईची आठवण पोचली असती. कडूबाने मनात सगळं जुळवलंसुद्धा.

तेवढ्यात छकुली त्याच्याकडे यायला निघाली. अंगणातून ओसरीवर एकच पायरी. तिने पुढचे पाय वर ठेवले, मागचे उचलले, आणि तिथेच किंचाळली. वाटी सरकली होती. तिने पायाला झटका दिला. बसली नाही. पुन्हा दिला. नाही बसली. ती कडूबाकडे पाहायला लागली. तानाबाई शेवटच्या वर्षी देवळाच्या पायऱ्यांपाशी अशीच थांबायची. एक हात गुडघ्यावर, आणि बघायची कडूबाकडे.

कडूबा उठला. डॉक्टरने शिकवलं होतं तसा हळूच पाय सरळ केला, अंगठ्याने वाटी जागेवर बसवली आणि छकुलीला उचलून घरात नेलं. दार लावून कडी घातली. मग नांदुऱ्याला फोन केला.

"छकुलीले पिल्लं नाही होऊ देत मी. लंगडे पैदा करून आईच्या नावानं वाटू काय?"

अर्पिताने फोन ठेवून दिला.

*

आखाजी तोंडावर आली. लोक विचारायला लागले, यंदा कसं? माहेर करणारीच गेली. कडूबाने चक्कीवर येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, "लेकीले घेऊन या. माहेर हाय, बंद कायले पडन? अन् डॉक्टर येनार हाय. समद्याईचे गुडघे पाहून घेऊ."

ही बातमी मोताळ्यात अशी पसरली, की जणू दहावीचा निकाल लागणार आहे. आदल्या दिवशी गोपाल टायगरचे पाय दाबत बसलेला लोकांनी पाहिला.

आखाजीला अंगण भरलं. पोळ्या रुखमाबाईने केल्या. तानाबाईच्या हातच्या नव्हत्या, पण लेकींनी तक्रार केली नाही. अर्पिताही आली. बापाशी बोलली नाही, पदर खोचून ताटं मांडायला लागली. डॉक्टरने चक्कीतला लाकडी बाक अंगणात ओढला, त्यावर पोतं अंथरलं आणि म्हणाली, "हं, पहिली कोण?"

पहिला टायगर. डॉक्टरने डावा पाय पाहिला, उजवा पाहिला. सगळं अंगण श्वास रोखून.

"सरकते. दोन्ही."

"पुन्हा पाहा ना, मॅडम," गोपाल म्हणाला. "घाबरला असन."

"वाटी घाबरत नसते, दादा."

अंगण हसलं. गोपालने टायगरला छातीशी धरलं. "जाऊ दे बे. मले काय तुहे लेकरं सांभाळाचे व्हते."

दुसरी राणी. तिचा एक पाय सरकत होता. रुखमाबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"माह्या राणीत खोट काढता काय? अवं, माहे गुडघे पाहा कसे वाजतात ते! मले सहा लेकरं झाले. कोनी पाह्यली व्हती काय वाटी लग्नाच्या आधी?"

"पाहायला पाहिजे होती, काकू," डॉक्टर म्हणाली.

"मंग पाटलानं मले केलीच नसती!"

"म्हनूनच पाह्यली नाही," मागून तिच्या नवऱ्याचा, रामरावाचा आवाज आला, आणि हसू आवरेना तेव्हा रुखमाबाईही हसली. पण बाकावरून राणीला उचलताना तिने तो गुडघा आपल्या पदराने झाकला.

बंटी सरकला. मोत्या सरकला. एकापाठोपाठ एक लेक बाकावर चढत होती आणि मान खाली घालून उतरत होती. कडूबा कडेला उभा राहून पाहत होता. तानाबाईने हौसेने, देवक विचारून, कुंकू लावून जुळवलेल्या सगळ्या सोयरिकी या बाकावर एकेक करून मोडत होत्या. एकही चांगली निघाली नाही, तर तिच्या लेकींचं घराणं इथेच थांबणार होतं. त्याला आता हसू येत नव्हतं.

"संपले?" डॉक्टरने विचारलं.

"एक राह्यली," अर्पिता म्हणाली.

छाया फाटकापाशी उभी होती, चिंगीला पदराखाली घेऊन. तिला घेऊन ती कधीच आत येत नसे. कारण सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नसे. राणी एकदा पाटलाच्या घरातून पळाली होती, दोन दिवस कापसाच्या जिनिंगच्या आवारात कुठे कुठे हिंडली, आणि पुढे तिला पिल्लं झाली ती तांबूस कानांची. जगली एकच. तानाबाईला तोंड दाखवायला जागा राहिली नाही. तिने ते पिल्लू फडक्यात गुंडाळून मागच्या दाराने छायाला दिलं. कुंकू नाही, ओटी नाही. "कोनाची हाय ते सांगू नको, बाई," एवढंच म्हणाली.

"ये ना वं," अर्पिताने छायाचा हात धरून तिला आत आणलं.

चिंगी बाकावर चढली, म्हणजे स्वतःच उडी मारून चढली. तेव्हाच सगळे जरा पुढे सरकले. डॉक्टरने डावा पाय सरळ केला, वाकवला, अंगठ्याने वाटी रेटून पाहिली. उजवा. पुन्हा डावा. यावेळी तिने फार वेळ लावला.

"हलत नाही," ती म्हणाली. "दोन्ही पक्क्या."

"म्हंजे?" छाया घाबरून म्हणाली.

"म्हणजे सगळ्यात चांगले गुडघे हिचे आहेत, ताई."

"पळून गेलेलीची!" रुखमाबाई म्हणाली, आणि तोंडावर हात ठेवला.

कडूबा पुढे आला. त्याने चिंगीचा तांबूस कान बोटांत धरला. तानाबाईने अंगणात कधी येऊ दिली नव्हती ती हीच.

"बाप कोण होता ते माहीत नाही," डॉक्टर सांगत होती, "पण बाहेरचा होता हे नक्की. आईत दोष आहे, म्हणून हिच्यात तो झाकलेला असू शकतो. पण सुरुवात करायची तर हिच्यापासूनच. अजून वर्षाचीही पूर्ण नाही. थोडी मोठी झाली की परत पाहू, आणि तोवर बाहेरचा चांगला जोडीदार शोधू."

अर्पिता बापाजवळ येऊन उभी राहिली. आल्यापासून पहिल्यांदा बोलली. "बाबा, आई चिडली असती का हो?"

"हो," कडूबा म्हणाला. "संध्याकाळपर्यंत चिडली असती. मंग हिले पोळी चारली असती."

चिंगीला पोळी मिळाली. सगळे जेवायला बसले, तेव्हा छायाने पिशवीतून नारळ आणि हिरवा खण काढला. फडक्यात गहू बांधून आणले होते. ते तिने किती दिवसांपासून ठेवले होते कोण जाणे.

"काकूनं घेतली नव्हती ओटी," ती हळूच म्हणाली. "आता कोनाची भरू, काका?"

"रुखमाबाईची भर," कोणीतरी म्हणालं.

"मले नको बाप्पा," रुखमाबाई म्हणाली. "ते तानाबाईची हाय."

कडूबा उठला. त्याने नारळ, खण आणि गहू उचलून घरात देवापाशी ठेवले.

*

जोडीदार चिखलीला सापडला. महामायाबाई म्हणून निवृत्त नर्स होत्या, त्यांचा राजा. डॉक्टरच्या चिखलीतल्या एका मैत्रिणीने त्याचे गुडघे तपासले होते. कडूबा आणि छाया चिंगीला पिशवीत घालून एसटीने गेले. पिशवीतून तोंड बाहेर काढून तिने सारा घाट पाहिला.

महामायाबाईंनी चहा ठेवला आणि चिंगीला समोर उभं केलं. "चालून दाखव, बेटा," त्या म्हणाल्या. चिंगी चालली. "पळून दाखव." चिंगी पळाली आणि राजाच्या अंगावर भुंकली.

"तेज आहे," महामायाबाई म्हणाल्या. त्या स्वतः काठी टेकत होत्या. "माझे दोन्ही गुडघे बदललेत, भाऊ. म्हणून मी पाय आधी बघते, तोंड मागून. आता तुम्ही विचारा काय विचारायचं ते. मुलीकडचे तुम्ही."

कडूबाने टोपी सारखी केली. इतकी वर्षं तानाबाईशेजारी बसून ऐकलेलं तोंडात आपोआप आलं.

"तुमचं देवक..." एवढं म्हणून तो थांबला. छायाने खाली मान घालून पदर तोंडात धरला. कडूबा खाकरला. "म्हंजे, राजाची आई कुठं असते? चालते कशी ते? संगचे भाऊबहिनी किती, अन् कोनी लंगडते काय?"

महामायाबाईंनी सगळं सांगितलं. आई मेहकरला होती, त्यांच्या भावाकडे, म्हातारी झाली होती आणि अजून जिने चढत होती. राजाचा एक भाऊ तिथेच होता. परत फिरायच्या आधी कडूबा पुढे मेहकरला जाऊन आला. म्हातारी कुत्री गच्चीवर होती. त्याने खालून हाक मारली. ती धडधडत जिना उतरून आली आणि त्याला चावायला धावली. कडूबा फार खूश झाला.

श्रावणात छकुलीचं पिल्लं बंद करायचं ऑपरेशन बुलडाण्याला झालं. ती लंगडतेच, पण रडत नाही. पोत्यावर पडून असते, पायरी आली की कडूबाला हाक मारते आणि तो उचलायला जातो. टायगरचंही करून टाकलं. गोपाल म्हणतो, आता दोघं भाकर खातो अन् झोपतो. पोळ्याच्या सुमाराला डॉक्टरने चिंगीचे गुडघे पुन्हा पाहिले. पक्केच होते.

चिंगी दिवाळीच्या पुढेमागे माजावर येईल, मग तिला चिखलीला न्यायची. पिल्लं झाली की ती वर्षाची होईपर्यंत थांबायचं आणि मग त्यांचेही गुडघे पाहायचे. पहिलं पिल्लू अर्पिताचं. छकुलीचं नाही, चिंगीचं. अर्पिताला ते आता चालतं.

देवापाशी ठेवलेला नारळ हलवला की आत खोबरं खुडखुडतं. खण घडीचा तसाच आहे. ती ओटी कोणाची भरायची, ते अजून ठरायचं आहे.